ज्वारीची पुरचुंडी आणि डबा कॅमेरा

बॅग भरायची म्हटलं की मी आजही आधी पाणी ठेवते. मग भाकरी. उरलेल्या जागेत कॅमेरा. माझ्या भाचरांना याचं हसू येतं. त्यांच्या बॅगेत लेन्सच लेन्स, आणि पाण्याची बाटली बाहेरच्या जाळीत लोंबत असते. हसा म्हणावं! माहूरचा डोंगर मी चढले, सह्याद्रीतले किल्ले पायांखाली घातले, हिमालयातसुद्धा जाऊन आले, आणि कुठंही माझ्या गळ्यातलं वजन एका नारळापेक्षा जास्त नव्हतं. ही अक्कल मला फुकट आलेली नाही. ती ज्या वर्षी आली, त्या वर्षी लातूरला प्यायला पाणी नव्हतं.

जिल्हा नवा नवा झाला होता. लोक पत्त्यात सवयीनं उस्मानाबाद लिहायचे आणि मग खोडून लातूर करायचे. जिकडं बघावं तिकडं नवं ऑफिस, नवा बोर्ड, नवा साहेब, आणि प्रत्येक साहेबाला प्रत्येक कागदावर फोटो पाहिजे. आमच्या ह्यांचा स्टुडिओ घराच्या पुढच्या खोलीत होता. सगळ्या गावाचं तोंड वाळलेलं, आणि आमचा धंदा तेवढा जोरात. पण फोटो कागदावर उमटला म्हणजे संपलं असं नसतं. कागदातलं औषध निघून जाईपर्यंत तो पाण्यात धुवावा लागतो, नाहीतर थोड्या दिवसांत पिवळा पडतो. आणि पाणी तर टँकरचं. शेजारणी भिंतीवरून बघायच्या आणि म्हणायच्या, "आमी घोटभर पाण्यासाठी भांडून राहिलो, अन् तुमी कागदं धुवून राहिले!" मी काय बोलणार, कपाळ? धुतलेलं पाणी आम्ही संडासाला वापरायचो, वाया घालवत नव्हतो. तरी ते बोलणं लागायचं.

अव्वा आमच्याकडंच राहायची. आम्ही लिंगायत, आमच्यात आईला अव्वा म्हणतात. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती काठी टेकत घरातल्या घरात फिरायची, पण घरातल्या पाण्याचा सगळा कारभार तिच्या हातात होता. रांजणात गडवा बुडवायचा तर तिला विचारून. जावयालासुद्धा सूट नव्हती. दाढीला वाटीभर पाणी मिळायचं, आणि त्यांनी जास्त मागितलं तर ती नुसती त्यांच्या तोंडाकडं बघायची. बिचारे निमूट जायचे.

तिचं माहेर जळकोटच्या पलीकडं, डोंगराच्या पोटात. तिथल्या नदीवर धरणाची भिंत उभी राहिली आणि गाव उठलं. माझा मामा, म्हणजे अव्वाचा धाकटा भाऊ, वर सडकेच्या कडेला नव्या गावठाणात पत्र्याचं घर करून राहायला गेला. लोकांनी जाताना दारं, चौकटी, तुळया नेल्या, जाती नेली, अंगणातल्या फरश्यासुद्धा उचकटून नेल्या. एक गोष्ट तेवढी नेता येत नव्हती. माझ्या आजीची, म्हणजे अव्वाच्या आईची समाधी. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, आपल्याच शेतात, आणि वर दगडाचा लहानसा ओटा बांधून त्यावर लिंग बसवतात. ती जागा हलवायची नसते. आता भिंत पुरी झाली होती, फक्त पाणी यायचं राहिलं होतं. एकदा नदीला पूर आला की ते शेत कायमचं बुडणार होतं.

अव्वानं एक दिवस भाकरी थापता थापता सांगितलं, "मला एकडाव माझ्या अव्वाला बघायचंय."

आजीचा फोटो कधी निघालाच नव्हता. त्या काळात बायकांचे फोटो कोण काढणार? अव्वाला आई म्हणून जे दिसायचं ते म्हणजे तो ओटा आणि त्याच्यावर वाकलेलं कडुलिंब. पण तिला न्यायचं कसं? धरणाच्या कामात जुनी गाडीवाट खणून गेली होती. उरली होती ती डोंगरावरून खाली उतरणारी पायवाट, सगळा मुरूम, पाय ठेवला की घसरला. धडधाकट माणसाच्या पोटऱ्या थरथरायच्या, तिथं ही काठी टेकत चालणारी बाई.

"तू नको. मी फोटो आणते," मी म्हणाले. "असा आणते की तुला तिथं बसल्यासारखं वाटंल."

बोलून बसले. मला सवयच आहे, आधी बोलायचं आणि मग कंबर कसायची.

ह्यांना स्टुडिओ सोडता येत नव्हता, म्हणून मी एकटीच निघाले. फोटो काढायला मी लग्नानंतर ह्यांच्याकडूनच शिकले होते. सामान त्यांनी स्वतः बांधून दिलं. स्टुडिओतला दोन डोळ्यांचा मोठा कॅमेरा, ज्याच्या वरच्या लेन्समधून आपण बघायचं आणि खालच्या लेन्सनं फोटो घ्यायचा. लोखंडी ट्रायपॉड. फ्लॅश, त्याचे सेल. हे सगळं ठेवायची चामड्याची पेटी. "कामाला जायचं तर पुरं सामान न्यावं," असं त्यांचं म्हणणं, आणि मलाही तोच डौल हवा होता. पाण्यासाठी एक फिरकीचा तांब्या घेतला, कारण दुसऱ्याला हात मोकळा नव्हता.

उदगीर, जळकोट करत एस.टी.नं मामाच्या पत्र्याच्या घरी पोचले. माझ्या खांद्यावरचा ट्रायपॉड बघून मामा म्हणाला, "हे काय गं पोरी? बंदूक आणलीस का?"

"तुम्ही चला ना सोबत."

"म्या न्हाई येत. मोकळं गाव बघवत न्हाई मला." त्यानं तोंड फिरवलं. मग हात करून वाट दाखवली आणि म्हणाला, "जा. सांजच्या आत वर ये."

त्या उतारावर मी त्या ट्रायपॉडला इतक्या शिव्या दिल्या की माझ्या सासरी कळलं असतं तर मला घरात घेतलं नसतं. या खांद्यावर घेतला तर मानेला लागायचा, त्या खांद्यावर घेतला तर ढोपराला. पेटीचा पट्टा गळ्याला काचत होता. उन्हानं जीव कासावीस, आणि तांब्यातलं पाणी मी अर्ध्या वाटेतच संपवलं. खाली गावात विहिरी होत्या, पण त्यांच्या तळाशी नुसते दगड दिसत होते. घरांना दारं नव्हती. मी कुठं थांबलेच नाही, सरळ शेत गाठलं.

कडुलिंब होतं. ओटा होता. मी पेटी खाली टाकली आणि आधी जे करायचं तेच केलं. अव्वानं विभूतीची वडी दिली होती. ती हातावर चुरली, तीन बोटांनी समाधीला पट्टे ओढले, मग स्वतःच्या कपाळाला लावले, हात पदराला पुसले आणि पाया पडले. देवाच्या ठिकाणी गेलं की आमच्या माणसाचं हे असंच चालतं, त्यात विचार करायचा प्रश्नच नसतो. मग कॅमेरा काढला. खालच्या लेन्सवर धूळ दिसली. घामानं हात ओले, म्हणून मी ती पदरानं पुसली. त्याच पदरानं!

घशाला कोरड पडली होती, डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. ट्रायपॉड कसाबसा उभा केला, वरच्या लेन्समधून बघितलं तर सगळं लख्ख दिसत होतं. दिसणारच. वरच्या लेन्सला मी हातच लावला नव्हता. रोल भराभर संपवला आणि वर निघाले.

मी घरी आल्यावर ह्यांनी निगेटिव्ह धुतली आणि उजेडाकडं धरली.

"धुकं होतं का तिकडं?" त्यांनी विचारलं.

"भर उन्हात कसलं धुकं?"

एक प्रिंट काढून बघितली. ओटा कुठं, झाड कुठं, सगळं पांढुरकं, मळकट. खालच्या लेन्सवर घामात कालवलेल्या विभूतीचा लेप बसला होता. अव्वानं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. "दूध सांडलं का गं याच्यावर?" ती म्हणाली, आणि माझ्याकडं बघून लगेच, "असू दे, असू दे. झाड वळखू येतंय की." झाड ओळखू येत नव्हतं. ती माझ्यासाठी खोटं बोलत होती, आणि त्यानं तर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी परत जाणार," मी सांगितलं.

"अगं, मृग तोंडावर आलाय," हे म्हणाले. "कधीही पडंल. नदी आली तर खाली अडकशील."

"पडेपर्यंत तर जाऊ द्या! आणि या वेळी तुमची ती बंदूक माझ्या खांद्यावर नको."

मग मी सगळं सामान बाजेवर मांडलं आणि एक एक वस्तू हातात घेऊन विचारलं, बाई गं, तुझ्यावाचून अडेल का? फ्लॅशवाचून अडणार नव्हतं. चामड्याच्या पेटीवाचून तर नाहीच. मोठा कॅमेरासुद्धा मी बाजूला ठेवला. कपाटात एक साधा डबा कॅमेरा पडून होता, ह्यांनी नांदेडहून जुना घेतलेला, शाळेच्या सहलींना भाड्यानं द्यायचे. त्याला दोनच खटके, ऊन आणि ढग. अंतरंही दोनच, जवळ आणि लांब. हे म्हणाले, "त्या खेळण्यानं फोटो काढणार?" मी म्हणाले, "तुमच्या हत्तीनं काय दिवे लावले ते बघितलं की."

राहता राहिला ट्रायपॉड. ढग आले तर खटका हळू पडतो, हात हलला की फोटो गेला. त्याचा विचार करत मी अंगणात बसले होते, आणि समोर अव्वा बाज आवळत होती. खुबा मोडला तरी ते काम ती कुणाला देत नसे. सुतळीचं टोक पायाखाली दाबायचं आणि दुसरं वर खेचून ताणायचं. ताणलेली सुतळी तसूभर हलत नाही. मी उठलेच! ह्यांच्याकडून एक बोल्ट मागून घेतला, तो कॅमेऱ्याच्या बुडाला फिरवला, त्याला सुतळी बांधली, दुसरं टोक पायाखाली दाबून कॅमेरा वर ताणला. घट्ट बसला. आणि बसून, वाकून काढायचे फोटो होते त्यांच्यासाठी फडक्यात ज्वारी बांधून पुरचुंडी केली. ज्वारीवर कॅमेरा ठेवला की ती त्याच्या अंगाबरोबर दबते, आणि तो हलत नाही. झाला माझा ट्रायपॉड. लेन्ससाठी धुतलेल्या मऊ धोतराचा तुकडा वेगळ्या डबीत घातला, पदराला तिथं येऊच द्यायचं नाही म्हणून.

पण जायचं ठरलं आणि ह्यांना ताप आला. मृग लागला आणि कोरडाच गेला. आभाळ नुसतं भरून यायचं आणि निघून जायचं. तेव्हा गल्लीनं ठरवलं, महादेव कोंडायचा. मंदिराच्या गाभाऱ्यातली मोरी चिखलानं बुजवायची आणि पिंड पुरती बुडेपर्यंत घागरी ओतायच्या. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस धाडतो, असं आमच्याकडं मानतात. घरटी एक घागर. प्यायला पाणी नसताना एकाही घरानं नाही म्हटलं नाही.

"मी नाही नेणार घागर," मी म्हणाले.

"का गं?" अव्वानं विचारलं.

"आज पाऊस पडला तर तुझ्या अव्वाला कुठं बघशील?"

अव्वानं काठी आपटली. "येडी झालीस का? समद्या जिल्ह्याची जनावरं छावणीत हंबरून राहिलीत, अन् तू पाऊस नगं म्हणतीस? माझ्या अव्वापायी? उचल घागर!"

उचलली. गाभाऱ्यात बायकांची रांग होती, पिंड निम्मी बुडाली होती. मी घागर ओतली, डोळे मिटले आणि मनात म्हणाले, महादेवा, पाड, दणकून पाड, पण परवापर्यंत दम धर माझ्या बापा! बाजूला त्याच भिंतीवरून बोलणाऱ्या शेजारणी हात जोडून रडत होत्या. मला माझी शरम वाटली. तरी मागणं मी मागं घेतलं नाही.

ह्यांचा ताप उतरला होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ला मी हजर. निघताना अव्वानं विभूतीची वडी पुढं केली. मी म्हणाले, "घेते. पण या वेळी आधी फोटो, मग विभूती."

"असं कुठं असतंय का? आधी देव."

"अव्वा, मग परत दूध सांडंल."

तिनं वडी माझ्या हातात ठेवली. मग म्हणाली, "बरं. माझ्या अव्वाला सांग, दमानं घे म्हणावं, पोरगी फोटो काढून राहिली. अन् समाधीला पाणी घाल."

म्हणून मी दोन मोठे तांबे भरून घेतले. ट्रायपॉडच्या जागी पाणी. मामानं बघितलं आणि विचारलं, "बंदूक कुठं गेली?" मी पुरचुंडी दाखवली. तो हसला नाही. आभाळाकडं बघून म्हणाला, "काळं होऊन राहिलंय. जल्दी जा."

हात मोकळे असले की उतार हा उतार राहत नाही. घसरले तर दोन्ही हातांनी झुडूप धरता येत होतं. तहान लागली की थांबून प्यायले. एक तांब्या मात्र उघडला नाही. खाली पोचले तेव्हा ढगांनी ऊन झाकलं होतं आणि वारा सुटला होता. "थांब की रे मुडद्या, जरा!" मी आभाळाकडं बघून ओरडले. तिथं ऐकायला कोण होतं?

समाधीवर धुळीचा थर होता, माझ्या मागल्या विभूतीचे पट्टेही त्यात गेले होते. मी राखलेला तांब्या उघडला आणि सगळं पाणी तिच्यावर ओतलं, हातानं दगड चोळून धुतले. ओला दगड काळाभोर झाला आणि त्याच्यावरचं कोरीव काम उठून आलं. पुढच्या बाजूला एक छोटा नंदी होता. गेल्या वेळी मला तो दिसलाच नव्हता. मग हात कोरडे केले, डबीतलं फडकं काढलं, लेन्स पुसली, खटका ढगावर सरकवला. उभं राहून सुतळी ताणली आणि झाडासकट ओटा घेतला. खाली बसून पुरचुंडीवर कॅमेरा टेकवला आणि नंदी घेतला. श्वास धरून, घाई न करता एक एक फोटो घेतला. शेवटचा झाल्यावर कॅमेरा फडक्यात गुंडाळला आणि मगच विभूती काढली. "आजी, उशीर झाला," मी म्हणाले. मला रडू फुटलं. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, माझ्या जन्माआधीच ती गेलेली. पुरचुंडी सोडली, ज्वारी पाखरांसाठी ओट्यावर पसरली आणि वर चढायला लागले. चढताना तहान लागली, पण तांबे दोन्ही रिकामे होते.

निगेटिव्ह मी घरी पोचल्याबरोबर उरल्यासुरल्या पाण्यात धुऊन झाली, आणि ती इतकी स्वच्छ होती की हे म्हणाले, "त्या डब्यानं काढलं हे?" प्रिंट मात्र काढता येईना, कारण टँकर आलाच नाही. आज येईल, उद्या येईल करत आम्ही वाट बघत बसलो. तेवढ्यात जळकोटकडून आलेल्या माणसाजवळ मामानं निरोप धाडला. डोंगरात रात्रभर पाऊस झाला. नदी आली. भिंतीला पाणी लागलं. समाधी गेली.

लातूरला अजून थेंब नव्हता.

अव्वानं निरोप ऐकला. मग उठून रांजणापाशी गेली, तळातलं राहिलेलं पाणी घागरीत ओतलं, दोन दिवसांचं पिण्याचं, आणि म्हणाली, "घे. काढ फोटो."

"अव्वा, हे प्यायचं आहे."

"माझं मला ठाऊक हाय. काढ."

आमची डार्करूम म्हणजे न्हाणीघर होतं. तांबड्या बल्बच्या उजेडात मी अव्वाला स्टुलावर बसवलं. कागदावर ओटा उमटला, नंदी उमटला, कडुलिंबाची वाकलेली फांदी उमटली. मी प्रिंट औषधातून काढून धुण्याच्या ट्रेमध्ये सोडली आणि वरून घागरीतलं थोडं पाणी ओतलं. मग पांढरा दिवा लावला. अव्वा पुढं वाकली. ट्रेच्या तळाशी, दोन बोटं पाण्याखाली, तिच्या आईची समाधी होती. पाणी हलत होतं, म्हणून तीही हलल्यासारखी वाटत होती.

"आता अशीच दिसत असंल का गं?" अव्वानं विचारलं.

मी प्रिंट उचलायला चिमटा पुढं केला, तर तिनं माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे जरा."

"पाणी कमी आहे, अव्वा. उरलेल्या पाण्यात अजून एकदा धुवावी लागंल, नाहीतर पिवळी पडंल."

"असू दे," ती म्हणाली, आणि घागरीत जेवढं उरलं होतं तेवढं तिनं स्वतःच्या हातानं त्या ट्रेमध्ये ओतलं.